मधोमध उभी असलेली पद्मजा

ओतलेलं लोखंड थंड होताना आत हवेचा बुडबुडा अडकला, तर बाहेरून काहीच दिसत नाही. वरून हात फिरवा, गुळगुळीत लागतं.

•

अक्काच्या शेंगापोळीत खसखस नसते.

•

"ज्यात माझी चूक नाही, त्याची माफी मी आता मागत नाही," असं म्हणणारी बाई पंचेचाळीस वर्षांची होती आणि ती अजून अस्तित्वात नव्हती.

•

भाद्रपदातल्या एका दिवशी जयसिंगपुरातल्या एका बाईनं दूधवाल्याची माफी मागितली. मग नवऱ्याची. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंची, कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनची, कॅन्टीनमधल्या दोघींची, भट्टीवरच्या अख्ख्या पाळीची. तिच्या मनगटावरच्या पट्टीनं ते सगळं ऐकलं आणि त्या दिवसावर लाल खूण केली.

•

उसावर फवारणी करणारा ड्रोन खूप खाली आला, तर पानं लोळतात. सन्मती तो कधीच खूप खाली आणत नाही.

•

"मॅडम, सोमवारपर्यंत एक नाव कळवा. तिघांपैकी कुठलंही. म्हणजे... दोघांपैकी."

•

हे सगळे तुकडे एकाच बाईचे आहेत.

पद्मजा मगदूम. शिरोलीच्या एका फौंड्रीत वीस वर्षं. तपासनीस म्हणून लागली, आता क्वालिटी हेड. गाड्यांच्या ब्रेकचे ओतीव भाग तिच्या सहीशिवाय गेटबाहेर पडत नाहीत. मालक बाळगोंडा पाटील, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी तिला श्रावणात बोलावून घेतलं होतं.

"पद्मजाताई, प्लांट हेडची खुर्ची रिकामी झालीय. तुमच्याशिवाय दुसरं नाव माझ्या डोक्यात नाही."

"मी करीन, आण्णा."

"कराल हो. पण तुम्ही पुण्याच्या गिऱ्हाइकासमोर बसला की मला वाटायला लागतं, आपणच काहीतरी गुन्हा करून आलोय. त्यांचं ड्रॉइंग चुकलेलं असतं, आणि 'सॉरी' तुम्ही म्हणता. एक वर्ष कोच घ्या. फी कंपनी देईल. ते नवीन पूर्वभेटीचं यंत्र आहे ना, त्यातनं निवडा. माझ्या मेव्हण्यानं असाच उगाच कुणीतरी धरला होता. वर्षभरानं माणूस बदलला, पण भलताच."

पद्मजाला ती खुर्ची हवी होती. हे ती कुणाला सांगत नसे, पण हवी होती.

•

पूर्वभेट म्हणजे काय, ते थोडक्यात.

कोच निवडणं हा पूर्वी अंदाजाचा मामला होता. एखाद्याची वेबसाइट बघायची, एखादीचं नाव मैत्रिणीकडून ऐकायचं, पहिल्या गोड बोलण्याला भुलायचं. पटत नाही हे कळेपर्यंत सहा महिने गेलेले असायचे. मग संशोधकांच्या लक्षात आलं, की माणसाचं पुढचं आयुष्य सांगता येत नसलं तरी त्याचा पुढचा प्रतिसाद बऱ्यापैकी सांगता येतो. तीन आठवडे मनगटावर पट्टी बांधायची. ती बोलणं ऐकते, बोलण्यातले थांबे मोजते, कुणासमोर छाती धडधडते हे टिपते. त्यावरून तुमचं एक प्रतिरूप तयार होतं. ते दिसायला तुमच्यासारखं असतं, पण खरी गोष्ट ती नाही. तुम्ही जिथे गप्प बसाल तिथे ते गप्प बसतं.

कोच लोकांची प्रतिरूपं त्यांच्या जुन्या सत्रांवरून आधीच बनवलेली असतात. मग दोघांना एकत्र बसवतात, यंत्राच्या आत. दर आठवड्याला एक सत्र, असं वर्षभर. आपल्या घड्याळात त्याला एक दुपार लागते. हे एकदाच करत नाहीत, हजारदा करतात, आणि दर वेळी एखादी बारीकशी गोष्ट बदलतात: सत्राच्या दिवशी डोकं दुखत होतं, कुणीतरी आदल्या दिवशी टोचून बोललं होतं. शेवटी तुमच्यासारख्या हजार जणी तयार होतात. त्यांची गर्दी एका मैदानात उभी आहे असं समजा. त्या गर्दीच्या मधोमध जी उभी असेल, तिला तुमच्याशी दहा मिनिटं बोलायला पाठवतात.

म्हणजे तुम्ही कोच निवडत नाही. वर्षानंतरची तुम्ही निवडता.

•

पहिली भेट. कोच: कॅप्टन सरदेशमुख, पुणे.

पडद्यावरची पद्मजा ताठ बसली होती. केस कापलेले.

"दहा मिनिटं आहेत. विचार."

"प्लांट नीट चाललाय?"

"रिजेक्शन निम्म्यावर आणलं. मी बोलत असताना कुणी मध्ये बोलत नाही."

"आणि घरी?"

"घरीही नाही."

पद्मजाचा नवरा अजित मागे खुर्चीत बसून चहा पीत होता. जयसिंगपुरात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारणं हेच त्याचं खरं काम. तो पुटपुटला, "बाई गं. हिला आणणार असशील तर आधी सांग, मी दुकानाच्या माडीवर राहायला जातो."

"ऐकू येतंय मला," पडद्यावरची म्हणाली.

अजितनं चहा सांडला.

•

दुसरी भेट. कोच: डॉ. तन्वी अधिकारी, मुंबई.

ही शांत होती. पद्मजाला ती बघताक्षणी आवडली. पद्मजासारखी हिची मान दुखत नव्हती, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"तुला झोप लागते?" पद्मजानं विचारलं.

"लागते गं. आधी मला ते खरं वाटायचं नाही."

"पुण्याच्या मीटिंगा?"

"जाते, बोलते, परत येते. ड्रॉइंग त्यांचं चुकलेलं असलं तर सांगते, तुमचं ड्रॉइंग चुकलंय. बस. आभाळ कोसळत नाही."

पद्मजा हसली. तिचं काम झालं होतं. नाव ठरलं होतं. उगाच, वेळ उरला होता म्हणून तिनं विचारलं, "क्षमावाणीला अक्काकडे गेलीस ना?"

"नाही."

"का?"

"ज्यात माझी चूक नाही, त्याची माफी मी आता मागत नाही."

हे ती अगदी मायेनं म्हणाली.

"हे बघ," पडद्यावरची म्हणाली, "सन्मतीनं तपासणी न करता माल पुढे ढकलला. ब्रेकचा माल. तू पकडलंस, मालकांना सांगितलंस, त्याची नोकरी गेली. यात तुझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग सहा वर्षं दर क्षमावाणीला हात जोडून कशाला जातेस? सहा वर्षांत ती एकदा तरी तुझ्या दारात आली?"

"नाही."

"एक फोन?"

"नाही."

"मग?"

पद्मजानं विचारलं, "अक्का बरी आहे का?"

पडद्यावरची क्षणभर थांबली. तो थांबा पद्मजाच्या ओळखीचा होता, तिचाच होता.

"बरी असावी," ती म्हणाली.

•

राजमती, म्हणजे अक्का, पद्मजाहून आठ वर्षांनी मोठी. कुरुंदवाडला असते. सन्मती तिचा एकुलता एक मुलगा. त्याला फौंड्रीत मावशीनंच लावलं होतं.

नोकरी गेल्यावर दोघी बहिणी भांडल्या नाहीत. कुणी आवाज चढवला नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त फोन थांबले. मग पहिली क्षमावाणी आली.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले, की त्यानंतर हा दिवस येतो. जैनांच्या घरी त्या दिवशी प्रत्येकाची क्षमा मागायची असते. ज्याचं काही बिघडवलं त्याचीच मागायची, असं नाही. सगळ्यांची. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल, तर क्षमा करा. समोरचाही तेच म्हणतो. संपलं.

पद्मजा सकाळची पाळी असल्यामुळे उजाडताच कुरुंदवाडला गेली होती. दारातच अक्काला हात जोडले. अक्कानंही जोडले. शेंगापोळ्या खाल्ल्या, परत आली. पुढल्या वर्षी पुन्हा. दोघींमध्ये वर्षाकाठी एवढंच उरलं होतं.

•

निहार हा फौंड्रीचा एचआर. अमरावतीचा, वर्षभरापूर्वी आलेला. पूर्वभेटीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे.

"दोघी जणी एकाच गोष्टीवर का अडून बसल्यात?" पद्मजानं त्याला विचारलं. "कॅप्टनवालीलाही मी नंतर विचारून घेतलं. तीपण जात नाही."

निहारनं आलेख काढला. "हे बघा मॅडम. मुख्य त्रास: अनावश्यक क्षमायाचना. हा एक दिवस बघा. पन्नासच्या वर माणसं! मशीननं लाल केलाय. आणि सकाळी एका ठिकाणी तर तुमचे ठोके... तुम्ही धावत होता का?"

"नाही. उभी होते. दारात."

"मग दोन्ही कोचनी हेच धरलं. बरोबरच आहे न."

पद्मजा हसायला लागली. "अहो निहार, त्या दिवशी क्षमावाणी होती."

तिनं समजावून सांगितलं. निहार ऐकत राहिला.

"म्हणजे त्या वॉचमनची माफी मागितली, त्याचं तुम्ही काय केलं होतं?"

"काहीच नाही."

"बाप्पा! आणि दूधवाला?"

"त्याचंही नाही. त्यानं उलट माझीच मागितली. म्हणाला, वहिनी, पाणी घालत होतो थोडं."

"मशीनला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालंय." निहारनं डोकं खाजवलं. "पट्टी बांधायची तारीख मीच ठरवली होती. मला काय माहीत. बरं, सोपं आहे. तो एक दिवस काढून टाकू. पुन्हा चालवू."

•

दुसरी भेट, पुन्हा. लाल दिवस काढून.

ही पहिल्यापेक्षाही मोकळी होती. हिला कसलाच आजार नव्हता, डॉ. तन्वींनी हिच्याबरोबर वर्षभर फक्त माणसं कशी सांभाळायची, एवढंच काम केलं होतं. ती विनोदसुद्धा करत होती.

"एक विचारू?" पद्मजा म्हणाली. "अक्का कशी आहे?"

"कोण अक्का?"

•

यंत्रानं चूक केली नव्हती. हे पद्मजाला फौंड्रीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर कळलं, आणि तिनं गाडी सुरू केली नाही.

पट्टीला फक्त ते तीन आठवडे माहीत होते. त्यात नवरा होता, आण्णा होते, पुण्याची गिऱ्हाइकं होती, वरच्या काकू होत्या, आणि काकूंच्या भाचीचं मोडलेलं लग्नही होतं. अक्काचं नाव तेवढ्या दिवसांत एकाच सकाळी आलं होतं, तिच्या दारात आणि परतताना अजितपाशी फोनवर सन्मतीचं सगळं पुन्हा काढलं तेव्हा. ती सकाळ ठेवली, तर अक्का म्हणजे एक दुखणं. ती सकाळ काढली, तर अक्का नाही.

तीन आठवड्यांऐवजी वर्षभर पट्टी बांधली असती, तरी यंत्राला आणखी काही सापडलं नसतं.

दुकानात जाऊन तिनं हे अजितला सांगितलं. तो कुणाला तरी भेंडीचं बी मोजून देत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला.

"तू तिला मधे कधी फोन करतेस?"

"ती करते का?"

"हे बघ. त्या पडद्यावरचीचं बोलणं तू आत्ताच बोलायला लागलीस. फी पण नको द्यायला."

"चेष्टा नको हो."

"चेष्टा नाही. सन्मती परवा दुकानात आला होता. फवारणीचं औषध न्यायला. म्हणाला, मावशीला सांगा, ड्रोनचा तिसरा परवाना मिळाला. मी म्हटलं, तूच सांग की. तर म्हणाला, आईला आवडणार नाही. म्हटलं, का? तर म्हणे, आईलाच माहीत."

•

तिसरं नाव राखाडी रंगात होतं. रूथ चांदेकर, मिरज. त्यापुढे एक ओळ: अंदाज विश्वासार्ह नाही, निवड टाळावी.

"हे असं का?" पद्मजानं निहारला विचारलं.

"या मॅडमचं पसरट येतं."

"म्हणजे?"

त्यानं पडद्यावर ठिपके काढले. कॅप्टनच्या हजार पद्मजा एका मुठीत मावतील इतक्या जवळजवळ उभ्या होत्या. डॉ. तन्वींच्या त्याहून थोड्या सैल. रूथबाईंच्या सगळ्या पडदाभर विखुरलेल्या. मधोमध जवळपास कुणीच नव्हतं.

"त्या दर वेळी वेगळंच काहीतरी विचारतात. एकच माणूस, एकच अडचण, तरी प्रश्न वेगळा. मशीनला त्यांचा ठसा सापडत नाही. म्हणून भेट कुणाची घालून द्यायची तेच ठरत नाही. आण्णांनी सांगितलंय, असे कोच धरू नका."

पद्मजा वीस वर्षं हेच शिकली होती आणि शिकवत आली होती. एका साच्यातून निघालेले हजार नग हजार ठिकाणी पडत असतील, तर साचा मोडून टाका. पसारा हा तिचा शत्रू होता. ती त्या पडद्याकडे बघत राहिली, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला पसारा बघवत होता.

"यातल्या कुणाशी बोलता येतं का? मधली नको. कडेची कुणीतरी."

"नियमात नाही."

"निहार."

"बरं. पण लाल दिवस ठेवायचा की काढायचा?"

"ठेवा."

त्यानं तिघींशी बोलू दिलं. एकीनं नोकरी सोडली होती आणि ती होसूरला दुसऱ्या कारखान्यात होती. तिला फार वेळ नव्हता. दुसरी प्लांट हेड होती आणि अक्काकडे जात नव्हती, पण ते सांगताना तिनं नजर चुकवली. तिसरी पार कोपऱ्यातली होती.

"अक्काकडे गेलीस?" पद्मजानं विचारलं.

"गेले. भांडायला."

"काय?"

"चांगलं तासभर भांडलो. तिनं मला नको नको ते ऐकवलं. मीही सोडलं नाही."

"मग?"

"मग जेवलो."

"प्लांट हेड झालीस?"

"ते अजून ठरायचंय," कोपऱ्यातली म्हणाली, आणि दहा मिनिटं व्हायच्या आत भेट तुटली. अशा कडेच्या प्रतिरूपांचं बोलणं फार वेळ टिकत नाही, असं निहार म्हणाला. त्यांच्यामागे पुरेशी गर्दी नसते.

•

रूथ चांदेकर मिरजेला एका जुन्या बंगलीच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. तीस वर्षं परिचारिका घडवल्या, निवृत्तीनंतर हे काम. त्यांनी पद्मजाला पेरू कापून दिला, तिखटमीठ लावून.

"तुमचं यंत्र म्हणतं, माझा भरवसा नाही. आमचे मिस्टरही हेच म्हणायचे. फक्त त्यांना ते तीन आठवड्यांत कळलं नाही."

"तुमच्याकडची एक पद्मजा अक्काशी भांडते," पद्मजा म्हणाली. "मला ती..."

"मला सांगू नका. ती तिची गोष्ट. यंत्रातली मी मला एकदा भेटली होती. फार बोलते बाई."

"मग तुमच्याकडे आले तर माझं काय होईल?"

"माहीत नाही."

"प्लांट हेड होईन?"

"माहीत नाही. आठवड्यातून एकदा येऊन बसा. मला दिसेल ते विचारीन. चुकीचं विचारलं तर तोंडावर सांगा. एवढंच आहे माझ्याकडे."

पद्मजानं पेरूची फोड बशीत ठेवली. इतक्या वेळा सांगून झाली होती म्हणून ती गोष्ट आता सफाईदार झाली होती: सन्मती, ब्रेकचा माल, सहा क्षमावाण्या. रूथबाईंनी पूर्ण ऐकून घेतली.

"तुम्ही क्षमा करा म्हणता. त्यावर त्या काय म्हणतात?"

"तेच. म्हणायची पद्धतच आहे. माझंही काही चुकलं असेल तर क्षमा कर."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि तुम्ही करता?"

पद्मजाला प्रश्न कळला नाही. मग कळला. सहा वर्षं ती स्वतःचं वाक्य म्हणायला जात होती. छाती धडधडत असायची ती त्या वाक्यासाठी. समोरून आलेलं वाक्य तिनं एकदाही ऐकलं नव्हतं.

"हा प्रश्न तुम्ही यंत्रात विचारला होता का?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक? मी तिथं नव्हते."

•

आण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पद्मजाताई, दोन चांगली माणसं होती. हजारातल्या नऊशे जणी खुर्चीत बसलेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. तुम्ही ती तिसरी धरली, जिच्यात काय होईल ते देवालाही माहीत नाही."

"हो."

"मग मला सहा महिने थांबावं लागेल. बघावं लागेल. मधल्या काळात पुण्याहून कुणी चांगला आला तर मी त्याला खुर्ची देईन. हे मी तुम्हाला आत्ता तोंडावर सांगतोय."

पद्मजाच्या तोंडात 'सॉरी, आण्णा' येऊन बसलं होतं. तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. मग वाटलं, येऊ दिलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "तोंडावर सांगितलंत ते बरं केलंत."

•

यानंतर पद्मजा प्लांट हेड झाली की नाही, ते इथं लिहिलेलं नाही.

•

जानेवारीतला एक मंगळवार. सण नाही, पर्व नाही. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला, म्हणून कुरुंदवाडला पोचायला दुपार कलली.

अक्का अंगणात तूर पाखडत होती. सूप तसंच हातात.

"आज काय आहे?"

"काही नाही."

"अजितरावांना बरं आहे न्हवं?"

"आहेत की. मस्त आहेत."

"मग?"

"अशीच आले."

अक्कानं सूप खाली ठेवलं. तिला हात जोडायचे होते की नव्हते हे तिलाच कळेना. हात अर्धे वर आले आणि पदराला पुसून खाली गेले.

पद्मजा उंबऱ्यावर बसली. रूथबाईंनी काय बोलायचं ते सांगितलं नव्हतं. तिनं दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्या पेरू कापायला उठल्या होत्या.

"अक्का, सन्मतीची चूक होती. मी केलं ते बरोबर होतं. आज पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच करीन."

"मला सांगालीस?" अक्काचा आवाज पहिल्याच शब्दाला चढला. "मी आई आहे त्याची. पोरगं कामचुकार होतं, हे मला काय कळत नव्हतं व्हय? त्या ब्रेकानं कुणाचं पोर मेलं असतं म्हणजे? त्याच दिवशी रात्री जेवताना मी त्याला ताटावरनं उठवला."

"मग माझ्यावर कशाला...?"

"तुझ्यावर कशाला? तू कुणाला सांगितलंस? मालकाला सांगितलंस. बरोबर केलंस. मग मला का नाही सांगितलंस? एक फोन. 'अक्का, असं असं झालंय, मी असं केलंय.' बास. मला कुणी सांगितलं माहीत आहे? पिठाच्या गिरणीत, आमच्या गल्लीतल्या पाटलाच्या सुनेनं. चारचौघींत. 'तुमच्या बहिणीनं तुमच्या पोराला हाकललं म्हणे.' मी दळण तिथंच टाकून घरी आले."

पद्मजा म्हणाली, "मला वाटलं, तुला तोंड कसं दाखवू."

"आणि दरसाल येऊन हात जोडतीस. कळत-नकळत! कळत की नकळत ते तरी सांग की!"

"तू तरी कधी विचारलंस? सहा वर्षं गप्प बसून पोळ्या वाढतेस!"

"खाल्ल्यास न्हवं? सगळ्या खाल्ल्यास!"

"खसखस नसते त्यात!"

"आईपण घालत नव्हती! तू विसरलीस शहरात जाऊन!"

"जयसिंगपूर शहर आहे?"

शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. अक्कानं तिच्याकडे असं बघितलं, की ती वाळत घातलेले कपडे न काढताच परत गेली.

तासभर नाही, पाऊण तास झाला असेल. मधे सन्मती ड्रोनची पेटी घेऊन फाटकातून आत आला, दोघींना बघितलं आणि पेटी घेऊन तसाच बाहेर गेला. पद्मजाला मग कधीतरी रडू आलं आणि अक्का म्हणाली, रडायचं असेल तर आत जाऊन रड, तुरीत पाणी पडंल.

ऊन भिंतीवर चढलं. अक्का उठली, आत गेली. चूल पेटवल्याचा, मग भाकरी थापण्याचा आवाज आला. आतूनच, अजून चिडलेल्या आवाजात ती म्हणाली, "दिवस मावळायला आलाय. जेवणार असलीस तर आत्ता बस. मग मला चालणार नाही."

पद्मजा आत गेली. ताटं तीन मांडलेली होती.

"सन्मतीला हाक मार," अक्का म्हणाली. "तिथंच फाटकाबाहेर उभा असंल."

•

सन्मतीची नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या क्षमावाणीला पद्मजा उजाडताच कुरुंदवाडला पोचली, तेव्हा अक्काच्या पायात चपला होत्या, हातात शेंगापोळ्यांचा डबा होता, आणि ती जयसिंगपूरच्या पहिल्या एसटीला निघाली होती.